व्हीएमचं हार्डवेअर व्हर्जन वाढवायचं असेल तर: कुठवर, कोणत्या क्रमाने, आणि मागे यायची वाट

प्रश्न थोडक्यात असा आहे: क्लस्टरमधले (एकत्र चालणाऱ्या सर्व्हरच्या गटातले) सगळे होस्ट, म्हणजे व्हीएम (आभासी संगणक) चालवणारे प्रत्यक्ष सर्व्हर, व्हीएमवेअरच्या ईएसएक्सआय ६.७ वरून ८.० वर आले, ते सांभाळणारं व्हीसेंटरही ८.० झालं. आतली व्हीएम मात्र जुन्याच हार्डवेअर व्हर्जनवर आहेत. काही १०, काही ११, बरीचशी १३-१४. ती सगळी एका झटक्यात सगळ्यात नव्या व्हर्जनवर न्यावीत का? आधी काय करायचं? आणि बिघडलं तर मागे फिरता येतं का?

एका झटक्यात नेऊ नका, आणि सगळ्यात नव्या व्हर्जनवर सरसकट तर नाहीच नाही. व्हर्जन वाढवण्याचं काम स्वतः काही सेकंदांचं आहे. जे काही बिघडतं ते त्या सेकंदांच्या आधी न पाहिल्यामुळे किंवा नंतर न तपासल्यामुळे.

हार्डवेअर व्हर्जन म्हणजे व्हीएमच्या मदरबोर्डचं मॉडेल समजा. व्हीएमला किती कोअर आणि किती मेमरी देता येते, कोणती कंट्रोलर कार्डं जोडता येतात, पीसीआय स्लॉट कसे मांडलेत, होस्टच्या प्रोसेसरमधल्या कोणत्या सूचना आतल्या ऑपरेटिंग सिस्टिमला दिसतात, हे सगळं त्यावर ठरतं. व्हीएमच्या व्हीएमएक्स फाइलमध्ये त्याची एक ओळ असते. अपग्रेड करताना ही कॉन्फिगरेशन बदलते, व्हीएमडीके डिस्कमधल्या डेटाला हात लागत नाही. पण आतल्या विंडोजच्या किंवा लिनक्सच्या नजरेतून पाहिलं तर हार्ड डिस्क जुन्या संगणकातून काढून नव्या मॉडेलच्या संगणकात बसवल्यासारखं होतं. नेटवर्क कार्ड हरवणं, डिस्क ऑफलाइन दिसणं, लायसन्स रुसणं, हे सगळं त्यातूनच येतं.

आता कुठवर न्यायचं ते. प्रत्येक ईएसएक्सआयला झेपणारं कमाल हार्डवेअर व्हर्जन असं: ईएसएक्सआय ६.० ला ११, ६.५ ला १३, ६.७ ला १४ आणि ६.७ अपडेट २ ला १५. पुढे ७.० ला १७, ७.० अपडेट १ ला १८, अपडेट २ ला १९. मग ८.० ला २०, ८.० अपडेट २ ला २१. मधले १२ आणि १६ हे क्रमांक वर्कस्टेशन आणि फ्यूजन या डेस्कटॉप उत्पादनांचे आहेत. म्हणूनच कुणी लॅपटॉपवरच्या वर्कस्टेशनमध्ये १६ व्हर्जनचं व्हीएम बनवून ६.७ च्या होस्टवर आणायला गेला की ते चढत नाही, ७.० वर चढतं.

नव्या होस्टवर जुनं व्हर्जन चालतं, जुन्या होस्टवर नवं व्हर्जन चालत नाही. त्यामुळे निवडीचा नियम एकच: हे व्हीएम ज्या ज्या होस्टवर कधी ना कधी उभं राहावं लागू शकतं, त्यातला सगळ्यात जुना होस्ट कोणता? त्याला झेपेल तेच व्हर्जन. इथे लोक फक्त चालू क्लस्टर मोजतात, आणि चूक तिथेच होते. डीआर साइट (आपत्तीत कामाला येणारी पर्यायी जागा) मोजा. बॅकअप जिथे परत उतरवून पाहता तो चाचणीचा होस्ट मोजा. शाखेत ठेवलेला एकुलता एक होस्टही मोजा. मुख्य साइट ८.० अपडेट २ वर, डीआर अजून ७.० अपडेट ३ वर, आणि व्हीएम २१ वर नेलं, तर रेप्लिकेशनने डिस्क तिकडे व्यवस्थित पोचत राहतील; पण ज्या दिवशी खरी गरज पडेल त्या दिवशी व्हीएम तिथे पॉवर ऑन होणार नाही. अशा मांडणीत १९ हेच बरोबर उत्तर. एकाच क्लस्टरमध्ये अर्धे होस्ट नवे आणि अर्धे जुने असतील तर तोवर काहीच वाढवू नका. व्हीमोशन (चालू व्हीएम दुसऱ्या होस्टवर हलवणं) आणि एचए (होस्ट पडला की व्हीएम दुसरीकडे सुरू करणं) या दोन्हींसाठी त्या व्हीएमला जागा अर्धीच उरते.

मुळात वाढवायचं कशासाठी हेही प्रत्येक व्हीएमपुरतं विचारा. सुरक्षिततेचं कारण सगळ्यात भक्कम. जानेवारी २०१८ मध्ये स्पेक्टर ही प्रोसेसरमधली सुरक्षा-त्रुटी उघड झाली, त्यावरच्या प्रोसेसरमधल्या उपायांचा उपयोग आतल्या ऑपरेटिंग सिस्टिमला करून घ्यायचा तर व्हर्जन किमान ९ लागतं. वेगाला फटका कमी बसावा यासाठी ११ किंवा वरचं घेण्याची शिफारस आहे, कारण पीसीआयडी हे प्रोसेसरचं वैशिष्ट्य व्हीएमपर्यंत तेव्हाच पोचतं. त्यामुळे १० आणि त्याखालची व्हीएम यादीत सगळ्यात वर घ्या. दुसरं कारण म्हणजे नव्या ऑपरेटिंग सिस्टिमच्या अटी. विंडोज ११ ला टीपीएम २.० (किल्ल्या सुरक्षित ठेवणारी चिप) हवं, आभासी टीपीएमला व्हर्जन १४, ईएफआय फर्मवेअर आणि व्हीसेंटरमध्ये की प्रोव्हायडर (एन्क्रिप्शनच्या किल्ल्या पुरवणारी सेवा) लागतो. रेड हॅट एंटरप्राइज लिनक्स १० ला एव्हीएक्स-२ या सूचना असलेला प्रोसेसर लागतो. होस्टमध्ये त्या सूचना असूनही फार जुनं व्हर्जन त्या व्हीएमपासून लपवून ठेवू शकतं. तिसरं कारण आकाराचं. १४ मध्ये १२८ व्हीसीपीयूपर्यंतच (व्हीएमला दिलेले आभासी प्रोसेसर) जाता येतं, १५ मध्ये २५६, १८ पासून ७६८ व्हीसीपीयू आणि २४ टीबी मेमरी. एनव्हीएमई कंट्रोलर १३ पासून, आणि एकेका व्हीएमपुरतं ईव्हीसी (वेगवेगळ्या पिढ्यांच्या प्रोसेसरमध्ये व्हीएम हलवता यावं यासाठीची सोय) १४ पासून.

यातलं काहीच लागू होत नसेल, उदाहरणार्थ १४ वर शांतपणे चालणारा चार व्हीसीपीयूचा फाइल सर्व्हर, तर त्याला नुसता आकडा वाढवून वेग मिळणार नाही. अशा व्हीएमचा डाउनटाइम मागून घेण्यात अर्थ नाही. पुढच्या मोठ्या देखभालीत घ्या.

तयारीत पहिला मान टूल्सचा. व्हीएमवेअर टूल्स आधी, हार्डवेअर नंतर. हा क्रम कधीही उलटा करायचा नाही. नव्या मदरबोर्डवरची उपकरणं ओळखणारे ड्रायव्हर टूल्समधून येतात. ते आधीच आत बसलेले असतील तर विंडोज पहिल्याच बूटमध्ये उपकरणं नीट जोडून घेतं. उलट क्रमाने केलं तर नेटवर्कची सेटिंग जाऊ शकते, आणि स्थिर आयपी असलेला सर्व्हर अचानक १६९.२५४ ने सुरू होणारा पत्ता घेऊन बसतो. टूल्स चढवल्यावर एकदा रीबूट करून सगळं चालतंय हे पाहा, मगच पुढे. लिनक्समध्ये बहुतेक ठिकाणी ओपन-व्हीएम-टूल्स हे वितरणाचंच पॅकेज असतं. ते अद्ययावत असलं की पुरे.

दुसरी गोष्ट साधी आहे, पण रात्री दीड वाजता तिच्यावाचून अडतं: व्हीएमचा स्थानिक अ‍ॅडमिनिस्ट्रेटरचा किंवा रूटचा पासवर्ड हाताशी ठेवा आणि तो व्हीसेंटरच्या कन्सोलमधून चालतो हे आधी स्वतः लॉगिन करून पाहा. नेटवर्क गेलं की रिमोट डेस्कटॉप गेला, एसएसएच गेलं, डोमेनचं लॉगिनही बेभरवशाचं. उरतं ते कन्सोल.

तिसरी गोष्ट म्हणजे आधीची नोंद. विंडोजमध्ये आयपीकॉन्फिगचं पूर्ण आउटपुट आणि स्थिर रूट्स, लिनक्समध्ये इंटरफेसची नावं, त्यांचे मॅक पत्ते आणि रूट्स, दोन्हीत डिस्कची यादी. हे व्हीएमच्या आत नाही, बाहेर कुठेतरी सेव्ह करा. व्हीएमएक्स आणि एनव्हीरॅम (फर्मवेअरची सेटिंग) या दोन फाइल्सची प्रत डेटास्टोअरवर वेगळ्या फोल्डरमध्ये ठेवा. किलोबाइटमधल्या फाइल्स आहेत, जागा लागत नाही.

मग व्हीएम आतून नीट शटडाउन करा आणि बंद अवस्थेत स्नॅपशॉट (त्या क्षणाची, परत फिरता येईल अशी नोंद) घ्या. बंद असताना घेतलेल्या स्नॅपशॉटमध्ये मेमरीचा प्रश्न नसतो, आणि त्यात जुनं हार्डवेअर व्हर्जनही नोंदलेलं असतं. इंडिपेंडंट मोडमधल्या डिस्क स्नॅपशॉटमध्ये येत नाहीत. फिजिकल मोडमधलं आरडीएम (व्हीएमला थेट जोडलेली स्टोरेजची डिस्क) किंवा दोन नोडमध्ये वाटून वापरलेली डिस्क असेल तर तिचा स्नॅपशॉट घेता येत नाही. तिथे ताजा बॅकअप आणि वर सांगितलेल्या दोन फाइल्स हाच आधार. क्लस्टर नोड असतील तर सेवा दुसऱ्या नोडवर हलवून एकेक करून घ्या. डोमेन कंट्रोलरही एका वेळी एकच.

प्रत्यक्ष काम: बंद व्हीएमवर राइट क्लिक, कंपॅटिबिलिटी, अपग्रेड व्हीएम कंपॅटिबिलिटी. हे परत फिरवता येणार नाही अशी सूचना येते, ती मान्य केली की यादीतून व्हर्जन निवडायचं. या यादीत पुढे आलेला पर्याय डोळे झाकून घेऊ नका. आपण ठरवलेलं १९ किंवा २० स्वतः निवडा. पॉवरसीएलआय या व्हीएमवेअरच्या कमांड-साधनात सेट-व्हीएम कमांडला हार्डवेअर-व्हर्जन पॅरामीटर देऊन व्हीएमएक्स-१९ असं लिहिलं की तेच काम होतं, आणि पन्नास व्हीएम असतील तर हाच मार्ग बरा, कारण व्हर्जन तुम्ही शब्दशः लिहिलेलं असतं. व्हीसेंटर नसलेल्या एकट्या होस्टवर विम-सीएमडीच्या व्हीएम सर्व्हिस गटातली अपग्रेड ही कमांड आहे. आधी त्याच गटातल्या कमांडने सगळ्या व्हीएमची यादी काढून व्हीएमचा आयडी घ्यायचा.

व्हीसेंटरच्या लाइफसायकल मॅनेजर या अपडेट-साधनातून करणार असाल तर एक सावधगिरी. तिथला पर्याय 'अपग्रेड टू मॅच होस्ट' असा असतो, म्हणजे व्हीएम होस्टच्या कमाल व्हर्जनवर जातं. डीआर मागच्या व्हर्जनवर असेल तर तो पर्याय तुमच्यासाठी नाही. दोन्ही साइट सारख्या असतील तर मात्र सोयीचा आहे: अपग्रेडआधी आपोआप स्नॅपशॉट घेणं आणि ठरावीक तासांनी तो काढून टाकणं, दोन्ही तिथेच लावता येतं.

शेड्यूलचा पर्याय बऱ्याच जणांना आवडतो, कारण व्हीएम चालू असतानाच सांगून ठेवता येतं: पुढच्या रीबूटला वाढव. पण त्या खिडकीत एक चौकोन आहे: फक्त ऑपरेटिंग सिस्टिम नीट शटडाउन झाल्यावरच अपग्रेड करा. तो टिक केल्याशिवाय पुढे जाऊ नका. तो रिकामा सोडला तर पुढची कुठलीही पॉवर सायकल चालते, अगदी होस्ट कोसळून एचएने व्हीएम दुसरीकडे उभं केलं तरी. म्हणजे आधीच अपघात झालेला, लोक सेवा सुरू होण्याची वाट पाहतायत, आणि नेमक्या त्याच बूटला व्हीएमचा मदरबोर्डही बदललेला. शेड्यूल करून विसरू नका हेही आलंच. तीन आठवड्यांनी विंडोजचे पॅच बसले, सर्व्हर आपला आपण रीबूट झाला आणि नेटवर्क कार्डाचं नाव बदललं, तर सगळे पॅचवर संशय घेत बसतात. पॅच आणि हार्डवेअर एकाच रात्री करायचे असतील तर एक रीबूट पॅचचा, सगळं तपासायचं, मग दुसरी फेरी हार्डवेअरची. दहा मिनिटं जास्त जातात, पण दोष कुठे आहे ते कळतं.

आता नंतरची तपासणी, आणि खरी मेहनत इथेच आहे.

विंडोजमध्ये स्लॉटची मांडणी बदलल्यामुळे कधी कधी जुनं नेटवर्क कार्ड 'नाहीसं' होतं आणि तेच कार्ड नवं म्हणून येतं. जोडणीचं नाव ‘इथरनेट २’ दिसतं, आयपी आपोआप मिळणारा. तुम्ही जुना स्थिर आयपी भरायला गेलात की विंडोज सांगतं, हा पत्ता आधीच दुसऱ्या, सध्या नसलेल्या कार्डाला दिलेला आहे. आयपी भरून 'हो' म्हणून पुढे जाता येतं, पण ते भूत रजिस्ट्रीत राहतं. ते काढूनच टाका: डिव्हाइस मॅनेजर उघडा, व्ह्यू मेन्यूत लपलेली उपकरणं दाखवा, नेटवर्क अ‍ॅडॅप्टर्सखाली फिकट रंगाचं व्हीएमएक्सनेट-३ दिसेल. ठळक दिसतं ते चालू कार्ड, फिकट ते भूत. फिकट असेल तेच अनइन्स्टॉल करा, मग नव्यावर आयपी, डीएनएस आणि स्थिर रूट्स भरा. विंडोज सर्व्हर २००८ सारख्या जुन्या आवृत्त्यांत ही फिकट उपकरणं दिसण्यासाठी आधी कमांड प्रॉम्प्टमध्ये एक पर्यावरण व्हेरिएबल लावून तिथूनच डिव्हाइस मॅनेजर उघडावा लागतो.

डिस्क मॅनेजमेंट उघडून पाहिल्याशिवाय विंडोज सर्व्हर कुणाच्या ताब्यात देऊ नका. सी ड्राइव्ह वर येतो, पण डेटाच्या डिस्क ऑफलाइन असू शकतात, कारण नव्याने दिसलेल्या सामाईक स्वरूपाच्या डिस्क आपोआप उघडायच्या नाहीत असं सर्व्हरचं सॅन धोरण असू शकतं. राइट क्लिक करून ऑनलाइन केलं की ड्राइव्हचं अक्षरही परत येतं. डेटाबेस सर्व्हरवर हे सेवा सुरू होण्याआधी व्हायला हवं. ड्राइव्ह नसताना एसक्यूएल सर्व्हर चालू झाला तर त्याला फाइल्स सापडत नाहीत आणि डेटाबेस रिकव्हरी पेंडिंगमध्ये अडकतो. डिस्क ऑनलाइन करून सेवा पुन्हा सुरू केली की सुटतं. पण आधीच सेवा मॅन्युअल करून ठेवली तर घाबरायची वेळच येत नाही.

लिनक्समध्ये इंटरफेसचं नाव पीसीआय स्लॉटवरून पडतं. ईएनएस-१६० आणि ईएनएस-१९२ ही नावं व्हीएमएक्स फाइलमधल्या स्लॉट क्रमांकांचीच आहेत. स्लॉट हलला की ईएनएस-१६० चं ईएनएस-१९२ होतं, आणि जुन्या नावाला बांधलेली नेटवर्कची फाइल अनाथ होते. नेटप्लॅनमध्ये मॅक पत्त्यावर जुळवणी लावून किंवा नेटवर्कमॅनेजरच्या प्रोफाइलमधून इंटरफेसचं नाव काढून तिथे मॅक बांधून हे आधीच टाळता येतं. मॅक पत्ता अपग्रेडने बदलत नाही. फायरवॉलचे नियम आणि मॉनिटरिंग यातही इंटरफेसचं नाव कुठे लिहिलंय का ते शोधा, ते हमखास राहून जातं.

१३ ची रेषा ओलांडताना लिनक्सवर आणखी एक गोष्ट होते, आणि तिचा माग लागायला वेळ जातो. ११ वरून १३ किंवा पुढे गेलं की एसएमबायोसची (हार्डवेअरची माहिती ऑपरेटिंग सिस्टिमला देणाऱ्या तक्त्याची) आवृत्ती बदलते आणि आतून दिसणाऱ्या यूयूआयडीच्या (व्हीएमच्या अनन्य ओळख-क्रमांकाच्या) पहिल्या तीन गटांतल्या बाइट उलट्या क्रमाने वाचल्या जातात. समजा व्हीएमएक्स फाइलमध्ये तो ४२ १७ ०५ ३८ ९१ ७७ ४२ १० असा सुरू होतो. आधी लिनक्सला ४२१७०५३८-९१७७-४२१० दिसत होता. आता तोच ३८०५१७४२-७७९१-१०४२ दिसेल. पुढचे दोन गट जसेच्या तसे. व्हीएम तेच आहे, व्हीसेंटरमधला यूयूआयडीही तोच, पण यूयूआयडीवर बांधलेलं लायसन्स, इन्व्हेंटरीची नोंद किंवा कुबरनेटिसचा व्हीस्फिअरशी जोडलेला नोड यांना ते अनोळखी वाटतं. अशी सॉफ्टवेअर असलेली व्हीएम वेगळी काढा आणि विक्रेत्याकडून नवं लायसन्स मिळण्याची सोय आधीच करून ठेवा.

नेटवर्क कार्डाचा किंवा स्कझी कंट्रोलरचा प्रकार अपग्रेडने बदलत नाही. ई-१००० हे ई-१००० च राहतं, एलएसआय लॉजिक तसंच राहतं. व्हीएमवेअरच्या स्वतःच्या पीव्हीस्कझी कंट्रोलरवर जायचं असेल तर ते वेगळ्या दिवशी, आणि बूट डिस्कचा कंट्रोलर थेट बदलायचा नाही: विंडोजला ड्रायव्हर बूटच्या वेळी लागतो, तो नसला तर ०एक्स७बी ची निळी स्क्रीन. आधी पीव्हीस्कझीच्या दुसऱ्या कंट्रोलरवर एक जीबीची तात्पुरती डिस्क जोडा, विंडोज सुरू करून ड्रायव्हर बसू द्या, बंद करा, मग मूळ कंट्रोलर बदला आणि ती डिस्क काढून टाका.

तयार अप्लायन्स, म्हणजे विक्रेत्याने ओव्हीए म्हणून दिलेली व्हीएम, यादीतून वगळा. त्यांचं व्हर्जन विक्रेत्याने तपासून ठरवलेलं असतं. ते ज्या व्हर्जनसाठी सांगतील तेवढंच करा. व्हीसेंटरच्या स्वतःच्या अप्लायन्सलाही हेच लागू.

मागे यायचं झालं तर दोन वाटा आहेत, आणि कोणती निवडायची हे किती वेळ गेला त्यावर ठरतं. सेवा अजून लोकांना खुली केलेली नसेल तर स्नॅपशॉटवर परत जा; जुनं व्हर्जनही परत येतं, संपलं. सेवा खुली होऊन दोन दिवस काम झालं असेल तर स्नॅपशॉटला हात लावू नका, कारण त्या दोन दिवसांचा डेटा जाईल. तेव्हा हव्या त्या जुन्या व्हर्जनचं, डिस्क नसलेलं नवं व्हीएम बनवायचं आणि सध्याच्याच डिस्क त्याला जोडायच्या. आधी जुन्याचे सगळे स्नॅपशॉट एकत्र करून संपवा. नव्या कवचात फर्मवेअर तेच ठेवा, बायोस असेल तर बायोस, ईएफआय असेल तर ईएफआय; चुकलं तर बूटच होणार नाही. स्कझी कंट्रोलरचा प्रकार तोच, डिस्कचे क्रमांक ०:०, ०:१ त्याच क्रमाने, नेटवर्क कार्डाचा प्रकार तोच. जुनं व्हीएम बंद ठेवून फक्त इन्व्हेंटरीतून काढा. ‘डिलीट फ्रॉम डिस्क’ नव्हे, नाहीतर डिस्कही जातील. व्हीएमएक्स फाइलमधला आकडा हाताने खाली आणायचा सल्ला कुठेकुठे दिसतो. कधी तो चालल्यासारखा वाटतो, पण नव्या व्हर्जनच्या बाकीच्या नोंदी फाइलमध्ये तशाच राहतात आणि असं व्हीएम सपोर्टमध्ये बसत नाही. चालू सेवेवर ते करू नका.

सुरुवात चाचणीच्या दोन-तीन व्हीएमपासून, प्रत्येक ऑपरेटिंग सिस्टिमचं निदान एक. मग पाच-पाच, दहा-दहाच्या तुकड्या. त्याच रात्री त्या तुकडीचा बॅकअप जॉब चालवून तो यशस्वी झाल्याचं पाहा. स्नॅपशॉट ७२ तासांपेक्षा जास्त ठेवू नका, डेटास्टोअर भरत जातो. टेम्प्लेटही विसरू नका: टेम्प्लेट आधी व्हीएममध्ये बदला, टूल्स आणि व्हर्जन वाढवा, पुन्हा टेम्प्लेट करा. क्लस्टरच्या सेटिंगमध्ये डीफॉल्ट व्हीएम कंपॅटिबिलिटी आहे, तिथेही आपण ठरवलेलंच व्हर्जन लावा. नाहीतर सगळी व्हीएम १९ वर आणून ठेवाल आणि पुढच्या आठवड्यात कुणीतरी जुन्या टेम्प्लेटवरून ११ चं नवं व्हीएम काढेल, किंवा कोऱ्या व्हीएमला आपोआप २१ लागून ते डीआरवर उभंच राहणार नाही.